आबा, तुमचं रुकडी इथं दोन दिवस उभं होतं

डर्बी, सोमवार रात्र

ती. आबा आणि आई-पप्पांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

काल फोनवर धड बोलता आलं नाही. हॉलमध्ये गलका, माझ्या हातात कंट्रोलर आणि समोर गाडी पुलावर, त्यामुळं आज जेवण उरकून निवांत लिहायला बसलोय. दादा, हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको, वायरीचं पण वाच, आबांना त्यातलंच जास्त आवडेल.

तर आबा, तुम्ही नोकरी केली त्या रुकडी स्टेशनचं छोटं मॉडेल मी शनिवार-रविवार इथल्या प्रदर्शनात मांडलं होतं. रुकडी, पुढं पंचगंगेचा पूल आणि शेवटी कोल्हापूरचा मालधक्का. चार फुटाचे चार बोर्ड एकाला एक बोल्टनं जोडलेले, म्हणजे एकूण सोळा फूट. तीन वर्षं गॅरेजमध्ये जे चाललं होतं ते हेच, आई दर वेळी विचारायची ना की सुट्टीदिवशी फोन का उचलत नाहीस. इकडं थंडी पडली की कुठल्या ना कुठल्या गावात असं छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरतंच आणि डर्बी तर रेल्वेचंच गाव, स्टेशन १८३९ चं आहे. म्हणजे बघायला येणारे पण पोरंटोरंच नसतात, चाळीस-चाळीस वर्षं रेल्वेत काढलेले म्हातारे येतात आणि चष्मा वर सरकवून सांधा नीट बसलाय का ते बघतात. मला त्यांचीच जास्त धास्ती होती.

सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मापात केलंय. मीटरगेजची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या अरुंद लाइनीची, दोन रुळांमधली एक मीटर रुंदी या मापात साडेअकरा मिलिमीटर होते आणि तयार रूळ मिळतात बारा मिलिमीटरचे, स्वित्झर्लंडला मीटरगेज अजून जोरात चालते म्हणून तिकडच्या गाड्यांसाठी निघतात ते. अर्धा मिलिमीटर जास्त आहे पण तेवढं चालवून घेतलं. वायपी, म्हणजे मीटरगेजचं ते वाफेचं इंजिन, मात्र तयार मिळेना, मग वरची बॉडी थ्रीडी प्रिंट केली आणि खाली दुसऱ्या इंजिनाची मोटर आणि चाकं बसवली. एकानं विचारलं की मिरज ते कोल्हापूर सगळी लाइन या मापात केली तर किती जागा लागेल, तर अठ्ठेचाळीस किलोमीटर म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर. त्यानं हॉलच्या दारापर्यंत नजर टाकली आणि पार्किंग पण पुरायचं नाही म्हणाला.

आता वायरीचं. शुक्रवारी संध्याकाळी भाड्याच्या व्हॅनमधनं बोर्ड नेले, पाय लावले, लेव्हल बघितली, गाडी चारदा इकडून तिकडं नेली, एकदम ओके. शनिवारी सकाळी दहाला दारं उघडली, पहिलीच माणसं समोर येऊन उभी राहिली, रुकडीचा सिग्नल पडला, पॅसेंजर निघाली आणि बरोबर पुलाच्या मधोमध बंद. ढकललं की चालायची, परत तिथंच बंद. रूळ पुसून बघितले, काही फरक नाही. माझे हात थरथरायला लागले आबा, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात पोरगी बोर्डाखाली शिरली आणि आतनं ओरडली की पप्पा एक लाल वायर लोंबतीय. रुळाच्या पोटाला जी बारीक वायर डाग देऊन लावतात तिचा डाग सुटला होता, व्हॅनमध्ये दणके बसून असणार, आणि तो डाग मीच घाईत दिला होता, तापायच्या आत हात काढला असणार. मग पाठीवर झोपून, तोंडावर गरम कथील पडू नये म्हणून मान वाकडी करून तो परत दिला. पंधरा मिनिटं गेली. ती पहिली माणसं तिथंच थांबून होती, एक बाई बॅटरी धरून उभी राहिली. गाडी पूल ओलांडून पलीकडं गेली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन दिवस तिथं एकदाही अडकली नाही.

लोक सगळ्यात जास्त थांबले ते नदीकाठच्या म्हशींपाशी. मला वाटलं होतं इंजिन बघतील. तयार मिळतात त्या सगळ्या युरोपातल्या गाई, ठिपक्याठिपक्यांच्या. त्यांची शिंगं कापली, पाठ कानशीनं घासली, बारीक तांब्याच्या तारेची मागं वळलेली शिंगं चिकटवली आणि काळा रंग देऊन वरनं नुसत्या पाठीवर वॉर्निशचा हात फिरवला, म्हणजे आत्ताच पाण्यातनं निघाल्यासारखी चमकते. अशा बावीस म्हशी. नऊ तर नुसती डोकी आणि पाठीच आहेत, पाण्यात बसलेल्या. माणसांचं पण तसंच, हॅटवाल्या माणसांच्या हॅटा कापून टिश्यू पेपरची बारीक पट्टी गोंदात भिजवून फेटे गुंडाळले, चिमट्यानं. एका फेट्याला अर्धा तास. नऊवारीचा काष्टा मला जमेना, तो तुमच्या सुनेनं केला, आई, आणि तो बघून मी गप्प बसलो, इतका बरोबर आलाय.

मालधक्क्यावर वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, उभ्या आणि बैलगाड्यांतनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरतायत असं दाखवलंय. यात काय आहे, यात काय आहे असं प्रत्येक जण विचारायचा. गूळ म्हणजे काय हे इंग्रजीत सांगून कळत नाही, म्हणून ही आपली डब्यातला गूळ फोडून ताटलीत ठेवून बसली. लोकांना आवडला, पण चिकट हात कठड्यावर आणि तिथनं बोर्डावर यायला लागले, मग ताटली पार दुसऱ्या टोकाला हलवली आणि शेजारी ओला रुमाल ठेवला. तीस किलोचा एक रवा असतो म्हटल्यावर त्यांचे डोळे मोठे व्हायचे. आणि हे कोल्हापूरनं मीटरगेजनं निघालेलं पुण्याला उतरवून मोठ्या रुळाच्या वाघिणीत भरायला लागायचं, १९७१ ला आपल्याकडं मोठी लाइन होईपर्यंत, हे सांगितलं की ते म्हातारे लगेच मान डोलवायचे. इंग्लंडमध्ये पण पूर्वी दोन मापांचे रूळ होते, त्यामुळं माल उतरवा-भरायची कटकट त्यांना सांगायला लागत नाही.

आणि आता तुमचं, आबा. रुकडीच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक माणूस उभा केलाय, पांढरी टोपी, खाकी शर्ट, हात वर आणि हातात बारीक तारेचं कडं. ते तुम्ही. रविवारी दुपारी एक उंच म्हातारा बराच वेळ तिथंच वाकून बघत होता. सिग्नलमन होता म्हणे, सगळी नोकरी एकेरी लाइनवर. त्यानं गाडी-बिडी काही विचारली नाही, डायरेक्ट विचारलं की त्या कड्यात काय असायचं. मी म्हटलं गोळा. मग तुम्ही मला लहानपणी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं, मशीनमधनं लोखंडी गोळा निघतो, तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाला जायची नाही आणि तो बाहेर आहे तोवर दोन्हीकडच्या मशीनमधनं दुसरा निघत नाही, म्हणून समोरासमोर गाड्या येऊच शकत नाहीत. पावसात चालत्या इंजिनाला कडं देताना दंडाला कसा हिसका बसायचा ते पण सांगितलं. त्यानं कोटाची बाही वर करून स्वतःचा दंड दाखवला. त्याच्याकडं गोल चकती असायची, गोळा नाही, पण कडं तेच आणि हिसका पण तोच. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, असं जाताना म्हणाला. तो हा सांगितला.

अजून एक सांगायचंय. लेआउटच्या पुढं मी लाइनचा नकाशा लावला होता, मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, कोल्हापूर, खाली दोन ओळी की १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९१ ला गाडी सुरू झाली. एक साठीचा माणूस आला आणि वळिवड्यावर बोट ठेवून नुसता उभा राहिला. त्याची आई पोलंडची, लहानपणी वळिवड्याच्या कॅम्पात होती. १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित होते तिथं, आबा तुम्ही सांगायचा ना, गोरी पोरं मराठीत बोलायची म्हणून. ती कॅम्पात आली ती याच लाइनीनं असणार. आई आता नाही, पण ती त्याला झोपवताना रेल्वेच्या पुलाचं सांगायची म्हणे, गाडी पुलावर आली की आवाज बदलतो ते. त्यानं मला विचारलं की गाडी अजून एकदा पुलावरनं नेशील का. मी चार वेळा नेली. मागं लाइन लागली होती, तरी कुणी काही बोललं नाही.

दादा, तुझ्याकडं दोन कामं. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तू सकाळी फिरायला जातोस तिथं, त्याचे चांगले फोटो काढून पाठव, त्या माणसाचा नंबर घेतलाय, त्याला पाठवणार आहे.

दुसरं आबांचं. वसंतात अजून एका गावाचं बोलावणं आलंय आणि तोपर्यंत मला बोर्डाखाली स्पीकर बसवायचाय. इंजिनाचा आवाज मिळेल, पण गाडी आल्यावर आबा जे ओरडायचे, "रुकडीऽऽ रुकडी", ते कुठं मिळणार. आबा, आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असं म्हणू नका, आहे तसाच पाहिजे. दादा, पहाटे गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत गच्चीवर घेऊन जा, मोबाइल तोंडापासून हातभर लांब धर आणि तीन-चारदा ओरडायला सांग. आणि परड्यात तो रुळाचा तुकडा अजून असला तर तारेनं टांगून घंटेसारखे दोन ठोके पण रेकॉर्ड कर, आधी ठोके आणि मग आबा.

अंबाबाईला आमच्या तिघांचा नमस्कार सांगा. आई, गूळ संपला सगळा, कुणी येणार असेल तर थोडा पाठव.

तुमचा,
धाकटा