वळवात गेलेली पस्तीस मिनिटं

कोल्हापूर जिल्हा,
१४ मे

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा दोन रात्रींचं जागरण झालं होतं, धड बोलताही येईना. आज सगळं सविस्तर लिहितो, कारण या गोष्टीत तुझा वाटा माझ्याइतकाच आहे.

९ तारखेला संध्याकाळी वळीव आला. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, असं आपल्याकडं नेहमीच होतं. पण ६ वाजून ४० मिनिटांनी दूध संस्थेचा सर्व्हर बंद पडला तो उठलाच नाही. पंखा फिरायचा, डिस्क मात्र दिसायची नाही. काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तिथंही तेच. सहाही संकलन केंद्रांवर त्या वेळी रांगा लागलेल्या. मी सगळीकडं फोन करून सांगितलं, दूध घेणं थांबवू नका, वहीत लिहा: सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). आणि १० तारखेच्या रात्री दहा दिवसांचं बिल काढायचं होतं. या बिलावर कुणाचा किराणा, कुणाची पेंड, कुणाच्या पोराची फी अडलेली असते, हे तुला सांगायला नको.

रोज पहाटे २ वाजता घेतलेला डम्प, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींची फाइलमध्ये काढलेली प्रत, दुसऱ्या खोलीतल्या स्टोरेजवर होता. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा आपण दोघं रात्री त्याविषयी वाचत बसलो होतो, आठवतं? त्यांचा पोस्टग्रेस हा डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि डम्प घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळं डम्प गुपचूप फसत होता आणि ते कुणाला कळलंच नव्हतं. शेवटी सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची पूर्ण प्रत, हाताशी होता म्हणून वाचले. तेव्हापासून तू माझ्यामागं लागलास, की फाइल आहे एवढ्यावर राहू नकोस, महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर उभी करून बघ. मी दर महिन्याला नाही, पण तीन-चार महिन्यांनी ते करत आलो. म्हणून त्या रात्री डम्प चढवताना हात थरथरले नाहीत. हिशेबनिसांचा नवा संगणक घेतला, त्यावर त्याच आवृत्तीचा मायएसक्यूएल, म्हणजे आपला डेटाबेस, टाकला आणि आयात सुरू केली. दीड तास लागला.

आता दिवसभराच्या नोंदी राहिल्या. डम्प पहाटे २ चा, म्हणजे सकाळचं सगळं संकलन त्यात नाही. इथं तुझा बिनलॉगचा हट्ट कामी आला. डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल बिनलॉगमध्ये क्रमानं लिहिला जातो, आणि तो त्याच मशीनवर ठेवला तर मशीनबरोबरच जातो. तू तो सतत ओढून घेणारी आज्ञा जुन्या डेस्कटॉपवर लावून दिली होतीस. आज्ञेत तसा पर्याय दिलेला असला, की डम्पच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की हा डम्प कोणत्या बिनलॉग फाइलच्या कोणत्या स्थानापर्यंतचा आहे. ते स्थान कागदावर उतरवलं, दोनदा तपासलं आणि तिथून पुढच्या फाइली एकाच आज्ञेत क्रमानं चालवल्या. सकाळच्या नोंदी भराभर परत आल्या. प्रत्येक केंद्राची लिटरची बेरीज टँकरच्या पावतीशी ताडून पाहिली. जुळली. तेव्हा रात्रीचा १ वाजला होता आणि मी खुर्चीत पहिल्यांदा मागं टेकून बसलो.

पण शेवटची नोंद ६ वाजून ५ मिनिटांची होती. सर्व्हर तर ६.४० पर्यंत चालू होता! डेस्कटॉपपाशी गेलो तेव्हा उलगडा झाला. त्याला यूपीएस नव्हता. लाइट पहिल्यांदा गेली तेव्हाच तो बंद पडला आणि कुणी पुन्हा चालू केला नाही. पस्तीस मिनिटं गेली, आणि तीही ऐन गर्दीची.

दुसऱ्या दिवशी केंद्रांवर निरोप दिला, की काल संध्याकाळची छापील पावती घेऊन या. बायका पदराच्या गाठीतून, पिशवीतून, एक आजी तर देवघरातल्या डबीतून पावती घेऊन आली. २१४ पावत्या जमल्या. वहीतल्या नोंदी आणि या पावत्या आम्ही तिघांनी दुपारपर्यंत टाइप केल्या. संध्याकाळच्या टँकरच्या पावतीशी बेरीज ताडली, तेव्हा पाच केंद्रं जुळली आणि एका केंद्रावर अकरा लिटर कमी भरले. दोघा सभासदांनी पावती टाकून दिली होती. केंद्रचालकाला त्यांच्या चरव्या आठवत होत्या, शेजारच्या रांगेतल्यांनी दुजोरा दिला, तेही भरलं.

मग रात्री बिल काढायला बसलो आणि बिलाचं प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, तोच नाही! डम्प घेताना रूटीन्सचा, म्हणजे अशा प्रोग्रॅमचा, पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. ट्रिगर (नोंद बदलली की चालणारे छोटे प्रोग्रॅम) आपोआप येतात, प्रोसीजर येत नाहीत. चाचणी घेताना मी नोंदी मोजायचो, नावं बघायचो, बिल मात्र कधी काढून पाहिलं नव्हतं. तू लिहिलेलं ते प्रोसीजर मला चार वर्षांपूर्वी मेल केलं होतंस. नंतरच्या दोन दुरुस्त्या माझ्या वहीत होत्या. तीस सभासदांची बिलं हातानं मांडून पडताळली आणि ११ तारखेला सकाळी पैसे वाटले. एक दिवसही उशीर झाला नाही.

डम्पच्या आज्ञेत आता रूटीन्स आणि इव्हेंट्स (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दोन्ही घातलेत, डेस्कटॉपला यूपीएस लावलाय.

एका गोष्टीत तुझी मदत हवी आहे. छापील पावती बंद करून फक्त एसएमएस पाठवायचा, असा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये येतोय. कागदाचा खर्च वाचेल म्हणतात. पण एसएमएस निघणार त्याच सर्व्हरवरून, आणि नंबर नोंदलाय तो बहुतेक वेळा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा. दूध घालणाऱ्या बाईच्या हातात काय राहणार? मी विरोध करणार आहे आणि आकडे घेऊनच बोलायचं ठरवलंय. तुझ्या ओळखीच्या दुकानात थर्मल रोलचा घाऊक भाव विचारून कळव. मीटिंग २० तारखेला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती