डावीकडचा नट आणि जुना ग्राइंडर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि तू विकत घ्यायच्या विचारात असलेल्या जुन्या बेंच ग्राइंडरचे (मोटरच्या दोन्ही टोकांना धार लावायचे गोल दगड असणारं यंत्र) फोटो मिळाले. यंत्र बिडाचं, वजनदार आणि देखणं आहे. पण नसलेल्या भागांची यादी तू उलट्या क्रमाने केली आहेस. दोन्ही टूल रेस्ट (काम टेकवायचे आधार) नाहीत म्हणून हळहळतोस आणि "डावीकडचा नट, फ्लँजा (दगडाला दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्या) आणि गार्डचं (दगडाभोवतीच्या संरक्षक घराचं) झाकण तेवढं नाही" हे जाता जाता लिहितोस. टूल रेस्ट एका दुपारचं काम आहे. खरं दुखणं डावीकडेच आहे.

नटापासून सुरू करतो. समोर उभं राहिलं की दगड वरून आपल्याकडे, खाली येताना दिसला पाहिजे. मोटर त्या दिशेला झटक्याने उचलते तेव्हा मागे रेंगाळणारा नट आपोआप आवळला जावा म्हणून उजव्या टोकाला साधे आटे असतात आणि डाव्या टोकाला उलटे. कुणीतरी डावा नट नेहमीच्या दिशेने सोडवायचा प्रयत्न केला असेल, म्हणजे उलट आणखी आवळला असेल, तर तिथले आटे खाल्लेले असू शकतात. ते आधी नीट बघ. आटे धड असतील तर माप उजवीकडून घे, कारण दोन्ही टोकांचा पिच (आट्यांमधलं अंतर) सहसा एकच असतो, दिशा तेवढी उलटी. नुसतं "अर्ध्या इंची" म्हणून नट आणू नकोस. आट्यांची मानकं वेगवेगळी आहेत: अर्ध्या इंची मापाला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, बीएसएफमध्ये १६, यूएनसीमध्ये १३ आणि यूएनएफमध्ये २०. बाराच्या शाफ्टवर तेराचा नट पहिले दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडतो, आणि पान्याने रेटलास की शाफ्ट कामातून गेला. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पाती) लावून बघ. व्हिटवर्थ आणि बीएसएफच्या आट्याचा कोन ५५ अंश, बाकीच्यांचा ६०, तेव्हा पात्याच्या फटीतून उजेड दिसला तर गेजच चुकीचं आहे. उलट्या आट्यांचा तयार नट नाहीच मिळाला तर लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडून कापून घ्यावा लागेल. शाफ्टवर वेल्डिंग मात्र कुणालाही करू देऊ नकोस, तो वाकतो.

आता फ्लँजा. आतली शाफ्टच्या खांद्याला टेकून किल्लीने (खाचेत बसणाऱ्या पाचरीने) किंवा घट्ट बसवून शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची मोकळी असते. दोन्हींचा व्यास सारखाच हवा आणि दगडाच्या एक तृतीयांशाहून कमी नको, म्हणजे तुझ्या २०० मिमी दगडाला साधारण ७० मिमी. तोंड मधे खोलगट असतं, म्हणजे फक्त कडेची पट्टी दगडाला टेकते. इथेच लोक साधा वॉशर घालून वेळ मारून नेतात. वॉशरचा दाब भोकाच्या काठावर येतो आणि दगडाला तिथूनच चीर जाते. उजवीकडची जोडी उतरवून टर्नरला नमुना म्हणून दे आणि भोक व तोंड एकाच पकडीत खरादायला सांग. तोंड भोकाला काटकोनात नसेल तर दगड कायम डुलत राहील.

गार्डचं पूर्ण घर आहे आणि बाजूचं झाकण तेवढं गेलंय, हे त्यातल्या त्यात बरं. झाकण जाड पोलादी पत्र्याचं, घराच्या मूळ भोकांना बोल्टने बसणारं करून घे. कॅनचा पत्रा नुसता धूळ अडवतो, फुटलेला दगड नाही. समोरचं उघडं तोंड एकूण ९० अंशांहून जास्त नसावं. हे जमेपर्यंत त्या टोकाला दगड लावूच नकोस. कापडी बफ (चकाकी आणायचं मऊ चाक) चालेल.

पैसे देण्याआधी शाफ्टवर असतील ते दगड उतरवून मगच वीज लाव. पाटीवर थ्री-फेज लिहिलंय का ते बघ. घरी सिंगल-फेज असेल तर तो खर्च किमतीतून वजा धर. थ्री-फेजवर दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते आणि दोन्ही नट सुटू लागतात, म्हणून दिशा मोकळ्या शाफ्टवर तपासायची. सिंगल-फेज मोटर न फिरता नुसती गुणगुणत असेल आणि मोकळ्या शाफ्टला हाताने चालना दिल्यावर पळत असेल, तर मुख्य वाइंडिंग (मोटरमधले तारेचे वेढे) बहुधा शाबूत आहे आणि दोष कपॅसिटरचा किंवा सेंट्रिफ्यूगल स्विचचा (मोटरने गती घेतली की आपोआप सुटणारा स्विच). ते स्वस्तात होतं. करपट वास आला तर रिवाइंडिंगचा खर्च धर. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर दमटपणाही असू शकतो. उबदार जागी काही दिवस सुकवून पुन्हा मोज. जुनी कडक झालेली केबल मात्र विचार न करता बदल आणि अर्थिंगची तार बॉडीला जोड.

शाफ्ट वर-खाली हलवून बघ. खुळखुळला तर बेअरिंग गेलं. नंबर बहुधा त्यावरच कोरलेला असतो. ६२०३ असेल तर १७×४०×१२ मिमी. ग्राइंडरच्या धुळीत दोन्हीकडून रबर सील असलेलंच घे आणि बसवताना आतल्या कड्यावरच दाब दे. शेवटच्या टोपीतला लाटेदार वॉशर हरवला असेल तर शाफ्ट मागेपुढे सरकतो आणि बेअरिंगला विनाकारण दोष दिला जातो. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं साधन) लावलंस तर मोकळ्या शाफ्टचं फिरतानाचं डुलणं ०.०५ मिमीच्या आत यावं.

सोबत येणारे दगड फेकून दे. त्यांच्या आयुष्यात काय झालंय कुणास ठाऊक. नवा दगड एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकून वाजव. चीर असेल तर भद्द वाजतो. त्यावरची कमाल गती मोटरच्या गतीहून जास्त हवी. २८५० फेऱ्यांना २०० मिमी दगडाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर धावते. भोक मोठं असेल तर प्लॅस्टिकची बुश (भोक भरून काढणारी नळी), लहान असेल तर दुसरा दगड. कानशीने भोक वाढवायचं नाही. दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्याच्या चकत्या राहू देत. नट बेताने आवळ, पान्याला पाइप लावून नव्हे.

टूल रेस्ट ६ मिमी पट्टीचा कर, पण बोल्टची खाच लांब ठेव. दगड झिजत जातो, आणि फट ३ मिमीच्या वर गेली की काम खाली ओढलं जाऊन अडकतं. वरची ठिणग्या अडवणारी पट्टी दगडापासून ६ मिमीच्या आत. या दोन्ही गोष्टी यंत्र थांबवूनच सरकवायच्या. पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभा राहून पूर्ण मिनिटभर मोकळा फिरू दे.

आधी उजव्या टोकाचा पिच आणि डाव्या आट्यांचा जवळून फोटो पाठव. आटे खाल्लेले निघाले तर माझं मत: सोडून दे, कितीही देखणा असला तरी.

तुझा,
मिलिंद