मा. सहकारमंत्री, 'पुरेसं कारण' म्हणजे काय ते एकदा कायद्यात लिहा

साहेब नमस्कार, धर्म, जात, आहार बघून सोसायट्यांमध्ये घर नाकारतात, त्याबद्दल लिहितोय.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा सगळे पक्ष खवळले, माफीचा व्हिडिओ आला आणि विषय संपला. पण मुस्लिमांना, दलितांना हे रोजचंच आहे. मी पुण्यात फ्लॅट शोधत होतो तेव्हा ब्रोकर भाड्याच्या आधी आडनाव विचारायचे, मग "ओनरशी बोलून सांगतो" आणि परत फोनच नाही. एक जण तर सरळ म्हणाला, "फ्लॅट रिकामाच आहे हो, पण सोसायटीत फक्त व्हेजवाले घेतात."

कोर्टात जा म्हणतात लोक. अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या बायलॉजमध्ये मेंबर फक्त पारशीच असा नियम होता आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो चालवून घेतला, का तर सोसायटीला मूलभूत हक्क लागू होत नाहीत, लोकांना संघटना करायचं स्वातंत्र्य आहे आणि सहकार कायद्यात अशी मनाई कुठे नाही. धर्मावर सोसायट्या काढणं जरा मागासलेलंच आहे हे त्याच निकालात म्हटलंय, तरीपण ते थांबवायचं तर विधिमंडळाने थांबवावं. म्हणजे तुम्ही!

दुसरी बाजूही आहे. आपल्या घटनेचं कलम १५(२) सांगतं की दुकानात, हॉटेलात धर्म, जात बघून कुणाला अडवायचं नाही, आणि हे सरकारला नाही, सामान्य माणसाला सांगितलंय. २९ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट केलं की दुकान म्हणजे येईल त्याला मालक सेवा देतो अशी कुठलीही जागा, आणि २०११ मध्ये आर्मीच्या मेडिकल कॉलेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हाच मोठा अर्थ धरला. मग फ्लॅट विकणं, भाड्याने देणं हा धंदा त्यात का नाही? गौतम भाटियांसारखे घटनेचे अभ्यासक हेच मांडतात आणि मला ते शंभर टक्के पटतं, पण २००५ चा निकाल अजून तसाच उभा आहे.

आणि 'फक्त व्हेज' हा खाण्याचा नियम आहे असं कुणी सांगू नये. आर्मीतल्या महिला अधिकाऱ्यांच्या केसमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की वरून सगळ्यांना सारखा दिसणारा नियमसुद्धा भेदभाव करू शकतो. ताटात काय आहे ते विचारलं की जात, धर्म आपोआप कळतो, हे काय आपल्याला माहीत नाही का?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम २३ म्हणतं, पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारायचं नाही. धर्म, जात, भाषा, आहार हे 'पुरेसं कारण' नाही एवढं त्यात लिहा, भाडेकरूंनाही धरा, आणि असे बायलॉज तुमच्या रजिस्ट्रारने मंजूरच करू नयेत. अधिवेशनापर्यंत थांबायचीही गरज नाही, याच कायद्याच्या कलम ७९अ खाली सरकारला सोसायट्यांसाठी निर्देश आजही काढता येतात, रीडेव्हलपमेंटचे काढलेच आहेत की त्याच कलमाखाली.

उत्तराची वाट बघतोय.