सईला, रोझेटाबद्दल

सई बाळा,

नवीन बँडमध्ये तू एकटीच मुलगी आणि लीड गिटार तुझ्याकडे, ऐकून इतकं भारी वाटलं ना. तुझ्या खोलीत हेंड्रिक्सचं पोस्टर आहे, राहू दे, पण शेजारी अजून एका गिटारवालीला जागा कर, सिस्टर रोझेटा थार्प.

१९१५ ला अमेरिकेत आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावात जन्मली. आई चर्चमध्ये गायची, मेंडोलिन वाजवायची, आणि ही सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर गावोगाव गिटार घेऊन. १९३८ ला पहिल्या रेकॉर्डी आल्या, कॉटन क्लबमध्येही गायली, देवाची गाणी नाइटक्लबात म्हणते म्हणून चर्चवाले जाम चिडले, तरी हिने ना देव सोडला ना गिटार. १९४४ चं तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐक, एल्विस, चक बेरी हे रॉक अँड रोलवाले सगळे नंतरचे गं! पुढे रॉक अँड रोलचा स्टार झालेला लिटल रिचर्ड लहान पोरगा होता तेव्हा त्याला हिनेच आपल्या स्टेजवर गायला लावलं.

आणि तो व्हिडिओ बघच. १९६४, मँचेस्टरचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, टीव्हीचा कार्यक्रम, एका प्लॅटफॉर्मवर प्रेक्षक आणि रुळांपलीकडे कलाकार, पाऊस पडून सगळं ओलं. ही घोडागाडीतून येते, लांब कोट, पायात हील्स, पांढरी गिब्सन गिटार गळ्यात अडकवते आणि धरते काय तर पावसाचंच गाणं, 'डिडंट इट रेन'. सोलो आला की थांबवून थांबवून बघ, एकेक स्वर कसा सुटा, ठसठशीत काढते, घाई नाही, आणि वाजवताना तोंडभर हसू.

१९७३ ला फिलाडेल्फियात वारली. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता, २००८ ला लोकांनी कार्यक्रम करून पैसे जमवले तेव्हा कुठे बसला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाल्यांना तर तिला मान द्यायला २०१८ उजाडलं. मला याचा खरंच राग येतो, जिचं ऐकून पोरं मोठी झाली तिचंच नाव सगळ्यात शेवटी, आणि बाई होती, काळी होती, चर्चची गाणी म्हणायची, म्हणून ती गिटारवाल्यांत कोणी मोजलीच नाही असं मला वाटतं.

बँडमधल्या पोरांनाही दाखव तो व्हिडिओ. आणि मेमध्ये घरी येशील तेव्हा ते पावसाचं गाणं बसवून ये, अँप मी हॉलमध्ये लावून ठेवते, शेजारच्या काकूंना आधीच सांगितलंय.

तुझी,
आई