दरडीच्या सेन्सरचा मेसेज किती वेळात येणार, ते पण लिहा

मा. संपादक,

पावसाळा आला की दरडीच्या गावांत सेन्सर बसवायची चर्चा परत सुरू होते, चांगलंच आहे ते, पण बोलणं होतं ते किती सेन्सर आणि किती खर्च एवढ्यावरच. डोंगर हलल्याचं पायथ्याच्या माणसाला कळायला किती वेळ लागणार हे कोणी विचारतच नाही. माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021), इर्शाळवाडी (19 जुलै 2023), तिन्ही ठिकाणी लोकांना पळायला वेळच मिळाला नाही, म्हणून लिहितोय.

मी याच वायरलेसच्या कामातला. उशीर होतो तो बॅटरी वाचवण्यापायी. डोंगरावर लाईट नाही, म्हणून सेन्सर झोपवून ठेवतात, समजा मिनिटातून एकदाच उठतो. मेसेज एका सेन्सरकडून त्याच्या खालच्या सेन्सरकडे असा उतरत येतो, वरच्याने खालच्याला डेटा द्यायचा तर तो झोपलेला, मग थांबा, असे सहा टप्पे धरले तर सरासरी तीन मिनिटं, नशीब फुटकं असेल तर सहा, नुसती वाट बघण्यात गेली. यावर उपाय जुनाच आहे, उठायच्या वेळा ओळीने लावायच्या, वरचा पाठवणार त्याच क्षणी खालचा जागा, की तेच सहा टप्पे काही सेकंदांत होतात आणि बॅटरी जवळपास तेवढीच जाते.

लोरा, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारा रेडिओ, तो वापरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. रेंज मिळावी म्हणून सरसकट सगळे नोड, म्हणजे सेन्सरचे डबे, सगळ्यात स्लो सेटिंगला टाकतात, मग सेकंदाच्या दहाव्या भागातही जाणाऱ्या मेसेजला सेकंदाच्या वर लागतो आणि पावसात सगळे एकदम बोलायला लागले की मेसेज एकमेकांवर आदळून परत पाठवावे लागतात. त्यापेक्षा एखादा गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरचे मेसेज गोळा करणारा डबा, वाढवा ना. आणि धोक्याचा मेसेज रोजच्या तापमान-बिपमानाच्या रांगेत कशाला उभा करायचा, त्याला पुढे काढा. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने दरडीसाठी असं नेटवर्क बसवलंय, तिथे धोका वाढला की रीडिंगही लवकर लवकर घेतात.

मागणी एवढीच, टेंडरमध्ये जास्तीत जास्त उशीर किती चालेल तो आकडा सेकंदात लिहा. भोंगा गावातच, थेट गेटवेला जोडलेला पाहिजे, डेटा क्लाउडवर जाऊन परत येईपर्यंत थांबायला लावू नका, वाडीत मोबाईलची रेंज असते कुठे? आणि टेस्टिंग जुलैच्या धो धो पावसात घ्या, मार्चच्या उन्हात सोलर फुल असताना कुठलीही सिस्टीम फास्टच चालते.

- एक वाचक, महाड