मिरजेच्या चाचांना, जवारीबद्दल

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही जवारी लावून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज उघडून, दिलेले चारही तंबोरे सुखरूप पोहोचले. पोच म्हणून दोन ओळी पुरल्या असत्या. पण 'आवाज छान झालाय' एवढ्यावर तुमच्या कामाची बोळवण करणं बरं वाटेना. आभार मानायचे तर नेमके कशाचे, हे सांगायला हवं. हे पत्र उघड लिहितोय, कारण यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. ते कळायला हवं आम्हा गाणाऱ्यांना.

सुरुवात धाग्यापासून करतो. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुताचा एक पदर. धागा पार मागे असला की तार घोडीवर नुसती टेकलेली असते, आवाज कोरडा, ठोकल्यासारखा. दोन्ही टोकं चिमटीत धरून तो हळूहळू दांडीच्या दिशेने आणत जायचं, दर वेळी तार छेडायची, ऐकायचं. काहीच होत नाही, होत नाही, आणि मग केसभर सरकवला की तार एकदम बोलायला लागते. आवाज लांबतो, त्याला झळाळी येते, एका तारेतून चार-पाच सूर एकामागोमाग उमलल्यासारखे वर येतात. आणखी केसभर पुढे गेलं की पुन्हा चरचर. ती जागा मिळते तेव्हा शिकाऊ मुलांना वाटतं की जादू धाग्यात आहे. धागा फक्त जागा दाखवतो. ती जागा घोडीवर मुळात असावी लागते, आणि ती असते तुमच्या कानशीमुळे.

वरून बघणाऱ्याला घोडीचा माथा सपाट दिसतो. तो तसा नसतो. दांडीकडच्या कडेला त्याला इतका बारीक उतार असतो की तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. दर कंपनात तारेची बोलती लांबी किंचित कमी-जास्त होत राहते, आणि त्यातूनच वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर, फुटतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश उमटायला नको, असा नियम आहे. तंबोऱ्यात मात्र तो उमटतो, आणि चांगला ठणठणीत उमटतो. रामन यांनी त्याचं कारण घोडीच्या आकारात आणि त्या धाग्यात दाखवलं. तुमच्या घराण्यांतले हात हे त्याच्या किती तरी आधीपासून करत होते.

ते करताना किती वेळ जातो हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तारा ढिल्या करून बाजूला सारायच्या. वर्ष-दोन वर्षांच्या वाजण्याने घोडीवर तारेच्या जागी चर पडलेले असतात, ते निघेपर्यंत सगळा माथा सारखा घासायचा. नुसता चर खरवडून चालत नाही, कारण मग तिथे खड्डा होतो. मग उतार द्यायचा, बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, तारा जागेवर आणून पूर्ण सुरात लावायच्या आणि ऐकायचं. अर्धवट चढवलेल्या तारेवर जवारीची परीक्षा होत नाही, म्हणून दर खेपेला पूर्ण सूर. पुन्हा ढिल्या. कानशीचे दोन हात. पुन्हा सूर. चार तारा, आणि प्रत्येकीचं मागणं वेगळं. जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन पोलादी तारा इतक्या जुळ्या हव्यात की कुठली वाजली ते कळू नये. खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या षड्जाची, पितळी तार जाड, तिचा झोल मोठा, ती जोडीच्या उतारावर ठेवली तर फडफडते.

आणि चुकलं तर? उतार कमी पडला, माथा फार सपाट राहिला, तर आवाज मोठा येतो पण फाटका, भसकन फुटून लगेच विरतो. उतार जास्त झाला तर जवारी बंद, धागा कितीही फिरवा, वरचे सूर येतच नाहीत. एका बाजूला कानस जास्त चालली तर तीन तारा बोलतात आणि चौथी मुकी. आणि चूक सुधारायची तर आणखी घासावं लागतं, म्हणजे घोडीची उंची जाते, तारांचा कोन बदलतो. हाडाला किंवा लाकडाला परत वाढवता येत नाही. म्हणूनच तुम्ही एवढ्या कमी-कमी हाताने काम करता, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

आम्हा गाणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुकाही इथेच कबूल करतो, कारण तुमचं निम्मं काम त्या निस्तरण्यात जातं. जवारी काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावून घ्यायची आणि तंबोरा पांढरी तीनला चढवायचा. ताण बदलला की तारेचा झोल बदलतो, मग तोच उतार तिला जुळत नाही. तार तुटली की हाताला येईल त्या नंबरची बसवायची. जाड धागा घालायचा, तोही दुपदरी, की तार घोडीवरून उचललीच जावी. एसीच्या हॉलमध्ये कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी तंबोरे उघडायचे. गार हवेत तार आखडते, सूर चढतो, आणि मग दोष खुंटीला. उन्हाळ्यात लाकूड सुकून खुंटी सरकायला लागली तर खडू लावावा एवढं साधं आहे, पण आम्ही ती ठोकून बसवतो आणि भोक मोठं करून तुमच्याकडे आणतो.

आता या सगळ्याचं आम्हाला मिळतं काय, ते सांगतो. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९.३ कंपनं करते. तिचा पाचवा स्वरांश ३४६.५ वर येतो. हाच तो आपोआप ऐकू येणारा गंधार, स्वयंभू गंधार. कुणी तो लावलेला नसतो, चारातली एकही तार गंधारात नसते. हार्मोनियमवर त्याच सप्तकातला गंधार ३४९.२ वर असतो. फरक तीनाच्याही आत. पण दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे पडतात, आणि भूप रागात गंधारावर थांबलेल्या गळ्याला ते चांगले जाणवतात. जवारी उघडी असेल तर गळा तंबोऱ्याच्या गंधारावर जाऊन टेकतो, आणि टेकला की ते हेलकावे थांबतात. आवाज तंबोऱ्यात विरघळल्यासारखा होतो. सकाळी खर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला सूर लागला की नाही हे गुरूने सांगावं लागत नाही, तंबोरा सांगतो. जवारी बिघडलेली असेल तर तो सांगत नाही आणि मुलं वर्षानुवर्षं अंदाजाने गातात. मोबाइलवरचा तंबोरा प्रवासात सोयीचा आहे, आम्हीही वापरतो. पण त्यात ठरावीक आवाज फिरून फिरून येतो. आपण तार लावायची, कान द्यायचा, सूर बारीक जुळवणारा तारेवरचा मणी किंचित सरकवायचा, हे शिक्षण त्यात नाही. तंबोरा लावता येणं म्हणजे अर्धं गाणं येणं, असं जुनी माणसं म्हणत, ते आम्हाला शब्दशः खरं वाटतं.

घोडीबद्दल इतकं लिहिलं, तर भोपळ्याबद्दल थोडं लिहितो. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, त्यातही गोल, दोन्ही अंगांनी सारखा, कवच सगळीकडे एका जाडीचं असा हजारांत थोडाच निघतो. तो पुरता सुकू द्यायचा, कारण घाईने वापरला तर नंतर आकसतो आणि सांधा सोडतो. मग पुन्हा भिजवून, आतला गर खरवडून, बांबूच्या काड्यांनी ताणून त्याला आकार द्यायचा. वर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्यावरचं झाकण. ती जाड राहिली तर आवाज आत कोंडतो. फार पातळ झाली तर चार तारांच्या दाबाखाली काही वर्षांत खाली बसते, आणि तबली बसली की घोडी कलते, म्हणजे जवारीचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून. बाहेरची नक्षी, चपड्याचं पॉलिश सगळ्यांना दिसतं. तबलीची जाडी कुणाला दिसत नाही.

चाचा, तुमच्या गल्लीत आता एक प्रश्न घरोघरी आहे, पोरांनी हे काम कशासाठी करायचं? हाच प्रश्न गाणाऱ्यांच्या घरीही आहे, फक्त शब्द वेगळे. पंधरा-वीस वर्षं रियाझ करून हाताला काय लागलं? आम्हाला यात दोन प्रकारचे कष्ट दिसतात आणि ते एकत्र मोजले जातात याचं वाईट वाटतं. एक कष्ट कामाच्या आतला आहे. दहाव्यांदा तारा ढिल्या करायच्या, चौथी तार बोलेना म्हणून अकराव्यांदा करायच्या. षड्ज लागेना म्हणून तासभर एकाच सुरावर बसायचं. हा कष्ट काढून टाकला तर काम उरतच नाही. तो माणसाला दमवतो, पण पोकळ करत नाही. ती तार उघडते त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे येतं, तेच गंधार टेकल्यावर गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. का करायचं याचं उत्तर आमच्या मते तेवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

दुसरा कष्ट बाहेरून लादलेला. 'नुसतं घासायचे एवढे पैसे?' असं विचारणारं गिऱ्हाईक. मोठ्या महोत्सवात मांडव, रोषणाई, फुलं यांची बिलं चुकती होतात, पण तंबोऱ्याच्या दुरुस्तीला रकमेचं खातंच नसतं. संध्याकाळी कार्यक्रम आणि दुपारी 'जरा अर्ध्या तासात बघा'. या कष्टात कसलंही पावित्र्य नाही. कलावंताने सोसलंच पाहिजे, सोसण्यातून कला येते, असं म्हणत त्याचं कौतुक आम्ही यापुढे करणार नाही. त्यातून कला येत नाही, त्यातून मुलं दुसरी नोकरी बघतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी उभं केलं. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले, कारण त्या कामाची कदर करणारे संस्थानिक आणि गवई तेव्हा समोर होते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि तिथे अजून त्यांच्या नावाने गाणं होतं. गाणारा आणि वाद्य करणारा एकमेकांच्या इतक्या जवळ होते, म्हणून तंबोरा इथवर आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला फार आनंद झाला. मानांकनाने नकली मालाला आळा बसेल. जवारीची मजुरी मात्र गाणाऱ्यांनीच द्यायची आहे.

म्हणून आभारासोबत काही गोष्टी आम्ही आपापसांत ठरवल्या आहेत. तंबोरा तुमच्याकडे किमान आठ दिवस राहील, कार्यक्रमाच्या तोंडावर येणार नाही. मजुरी तुम्ही सांगाल ती, निम्मी आधी. वाजता तंबोरा वर्षाला एकदा जवारीला येईलच, आवाज पुरता जाण्याची वाट न बघता, म्हणजे चर खोल जाणार नाहीत आणि घोडीही जास्त घासावी लागणार नाही. तार तुटली तर त्याच नंबरची. आणि कार्यक्रम ठरवताना मानधनाच्या कागदावर 'तंबोरे, जवारी' अशी वेगळी ओळ आम्ही घालायला लागलो आहोत. आयोजक विचारतात, हे काय? समजावून सांगितलं की बहुतेक जण देतात. कुणी आधी मागितलंच नव्हतं.

शिकणाऱ्या मुलांना दोन-दोन करून तुमच्याकडे पाठवायचं मनात आहे. कानस त्यांच्या हातात देऊ नका, नुसतं बसू द्या. तुम्ही तार कितीदा ढिली करता ते त्यांनी मोजावं.

दिवाळीनंतर आणखी तीन तंबोरे येतील. दोन मोठे, काळी एकचे, पहिली तार पंचमात. त्यातल्या एकाची तबली घोडीपाशी किंचित बसल्यासारखी वाटते, आधी ती बघा. उचलावी लागली तर विचारत थांबू नका. तिसरा लहान, काळी चारचा, त्याच्या जोडीतली एक तार दुसरीपेक्षा बोथट बोलते. तो मारवा रागासाठीही वापरतो, तेव्हा पहिली तार निषादात असते, म्हणून जवारी पंचम आणि निषाद दोन्हींवर ऐकून बघावी ही विनंती. प्रत्येक तंबोऱ्याच्या गळ्याला सुराची चिठ्ठी बांधलेली असेल. घाई नाही.

घरी सर्वांना सलाम.

आपले,
तुमच्या तंबोऱ्यांवर गाणं शिकणारे आणि शिकवणारे