भावे–सुकथनकरांच्या निगेटिव्ह कुठे आहेत, मंत्रिमहोदय?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

एप्रिल २०१५ मध्ये आपल्याच खात्याने जाहीर केलं होतं की मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावाच लागेल. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. दुपारी साडेबाराचा खेळ लावला की नियम पाळल्याची नोंद होते, पण कामावर जाणाऱ्या माणसाला तो खेळ बघता येत नाही. या पळवाटेत सगळ्यात जास्त मार खाल्ला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीसारख्यांच्या सिनेमाने.

भावे समाजकार्य आणि संशोधनातून सिनेमाकडे आल्या. झोपडपट्टीतल्या बायकांवर केलेला अभ्यास त्या बायकांपर्यंतच परत पोचावा, म्हणून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुकथनकर त्यांच्यासोबत काम करू लागले आणि १९९५ च्या ‘दोघी’पासून कथापट सुरू झाले. ‘वास्तुपुरुष’मध्ये वाड्यात पुरलेल्या धनाची आस धरून बसलेलं घर आहे, ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड. कधी कधी त्यांची पात्रं गरजेपेक्षा जास्त समजावून सांगतात, हे मान्य. पण माणसाला आजारासकट घरात, गावात जागा कशी द्यायची, हा प्रश्न मराठीत इतक्या चिकाटीने दुसऱ्या कुणी धरून ठेवलेला नाही.

‘अस्तु’ बघा. अल्झायमर झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत सुटतात. मुलगी शहरभर शोधत असताना त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. स्वतःचं नावगाव न सांगता येणाऱ्या या म्हाताऱ्याला ती लेकरासारखं भरवते आणि तो तिच्यात आई बघतो. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांच्या त्या दृश्यांमध्ये विद्वत्ता, जात, भाषा सगळं गळून पडतं. या चित्रपटाला २०१३ चे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, संवादांसाठी भाव्यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना. चित्रपटगृहात यायला मात्र २०१६ उजाडलं. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘दिठी’ लोकांपर्यंत पोचला तो मे २०२१ मध्ये, ओटीटीवर, भावे गेल्यानंतर महिनाभराने.

आता मुद्द्यावर येतो: हे चित्रपट जपायचे कसे? ‘दोघी’ फिल्मवर चित्रित झालेला आहे. दोन तासांचा ३५ मिमी चित्रपट म्हणजे सुमारे १०,८०० फूट फिल्म. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची निगेटिव्ह, म्हणजे चित्रपटाची मूळ फिल्म, दमट, गरम खोलीत पडली की तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. मग फिल्म आक्रसते, वाकडी होते, वरचा थर सुटतो, आणि त्या वाफेने शेजारचे डबेही बिघडायला लागतात. एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया थंडाव्याने मंदावते, उलटत नाही. रंगीत प्रिंटचा निळसर रंग आधी उडतो आणि सगळी माणसं गुलाबी दिसू लागतात. म्हणून आधी यादी करा. प्रत्येक चित्रपटाची पिक्चर (चित्राची) निगेटिव्ह कुठे आहे, साउंड (आवाजाची) निगेटिव्ह कुठे आहे? ही दोन वेगळी असतात. एक सापडली आणि दुसरी हरवली, की चित्रपट मुका होतो.

मग ४के स्कॅन, म्हणजे प्रत्येक फ्रेमची बारीक तपशिलासह डिजिटल प्रत. दोन तासांच्या १,७२,८०० फ्रेम, प्रत्येकी साधारण ५० एमबी, म्हणजे साडेआठ टीबीच्या आसपास. हे एलटीओ टेपवर (माहिती दीर्घकाळ साठवायच्या चुंबकीय फितीवर) घ्या, दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या शहरांत ठेवा. हार्ड डिस्क कपाटात ठेवली म्हणजे जतन झालं, असं समजणाऱ्यांच्या हाती हे काम देऊ नका. वर्षानुवर्षं न फिरवलेली डिस्क कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. ‘कासव’ आणि ‘दिठी’ डिजिटल काळातले, म्हणून ते सुरक्षित आहेत असंही नाही. कुलूपबंद डीसीपीची, म्हणजे चित्रपटगृहांना पाठवायच्या डिजिटल प्रतीची, डिजिटल चावी मुदत संपली की चालत नाही. कुलूप नसलेला मास्टर (मूळ डिजिटल प्रत) आणि सबटायटलच्या फायली वेगळ्या लागतात.

आपलं सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. त्याला एक अट जोडा: मास्टरची प्रत जमा झाल्याशिवाय पैसे नाहीत. निर्मात्याला प्रतीचा खर्च वेगळा द्या.

आणि दाखवा. जिल्ह्याजिल्ह्यात नाट्यगृहं आहेत. तिथे सिनेमा दाखवतात तेव्हा बहुतेकदा लॅपटॉपवरून फाइल लावली जाते. ५.१ आवाजाची, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलची, फाइल नीट मिसळून न घेता फक्त डाव्या-उजव्या स्पीकरवर सोडली की मधल्या चॅनेलवरचे संवाद गायब होतात, नुसतं संगीत आणि पाऊस ऐकू येतो. पडद्याला चित्र बसत नाही म्हणून ते ताणतात, मग माणसं बुटकी दिसतात. ‘दिठी’त पुरात मुलगा गमावलेला रामजी लोहार रात्री अडलेल्या गाईची सुटका करतो. तो अंधार आणि तो आवाज नसेल तर त्या चित्रपटाचं उरतं काय? खिडक्यांना काळे पडदे, मधला स्पीकर, प्रशिक्षित प्रोजेक्शनिस्ट आणि खेळाच्या आधी दहा मिनिटांची चाचणी, एवढंच मागतो आहोत.

हे मागावं लागतं याचाच संताप येतो. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर सोमवारी सिनेमा उतरवायचा, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क छोट्या निर्मात्याकडूनच वसूल करायचं, आणि पुरस्कार मिळाला की मंत्र्यांनी सत्कार करायचा, अशी ही व्यवस्था आहे. सत्काराच्या शाली पुरेत. भाव्यांच्या पुण्यतिथीला, १९ एप्रिलला, संदेश काढता ना? पुढच्या १९ एप्रिलपूर्वी ती यादी जाहीर करा: चित्रपट, डबे, अवस्था, जबाबदार अधिकारी. एखादी निगेटिव्ह सापडत नसेल, तर तसंही लिहा.

आपला,
मराठी सिनेमाचा एक प्रेक्षक